मुक्तिबोधांचा ‘क्लॉड ईथरली’ आणि अध्यापकाचे कर्तव्य

१

अण्वस्त्रांचा धोका कमी व्हावयाचा असेल, तर त्या अस्त्रांचे स्वरूप प्रथम लोकांस समजले पाहिजे, हे तत्त्व म्हणून आज कोणी नाकारीत नाही. आपल्या देशात या कार्यास आरंभही लवकर झाला. मार्च १९५४ मध्ये पॅसिफिक महासागरातील बिकिनी बेटावर अमेरिकेने उद्जन बाँबचा स्फोट केला आणि त्याची राख दूरवरच्या जपानी कोळ्यांच्या नौकेवर पडली. त्यानंतर सुमारे एका महिन्याने पंडित नेहरूंनी लोकसभेत अशा चाचण्या थांबविण्याची मागणी केली. आणि १९५६ साली अणुस्फोटांच्या परिणामांची माहिती देणारे एक पुस्तक भारत सरकारनेच प्रसिद्ध केले. ते डॉ. दौलतसिंह कोठारी यांच्या देखरेखीखाली तयार झाले होते व त्यास नेहरूंची प्रस्तावना होती. पुढे ज्यांच्या नावाने शिक्षण आयोग प्रसिद्ध झाला आणि ज्यांचे नाव प्रत्येक अध्यापकास ठाऊक आहे, तेच हे कोठारी. अणुस्फोटाची माहिती सामान्य नागरिकास देणे हे शिक्षणाचेच काम आहे, ही जाणीव त्या पिढीला होती, असे म्हणावयास हरकत नाही.

त्यानंतर माहितीची वाण पडली नाही. मराठीपुरते बोलावयाचे तर १९६६ साली मराठी विज्ञान परिषद स्थापन झाली. १९७४ साली तिच्याच स्पर्धेत टोपणनावाने कथा पाठवून जयंत नारळीकर विज्ञानकथेकडे वळले. वीणा गवाणकरांनी लीझ माइट्नर या शास्त्रज्ञेचे चरित्र मराठीत आणले. अणुविभाजनाचा अर्थ प्रथम उलगडणाऱ्यांत ज्यांची गणना होते, त्या माइट्नरबाईंनी बाँबच्या कामात भाग घेण्याचे नाकारले होते. अणूचा गर्भ कसा फुटतो, साखळी प्रक्रिया कशी चालते, किरणोत्सर्गाने शरीराचे काय होते, हे आज शाळेतील हुशार मूलही सांगू शकते. तरीही जगात आज सुमारे १२,००० अण्वस्त्रे आहेत, आणि त्यांविषयी आपल्या मनात जी भावना असते ती भयाची नव्हे, लज्जेची तर नव्हेच. बहुधा ती सवयीची असते.

ज्ञान आहे आणि ते मनाला हलवीत नाही, अशी स्थिती उत्पन्न होते तेव्हा प्रश्न विज्ञानाच्या हातून निसटून वाङ्मयाच्या हाती येतो. मराठी वाङ्मयाने तो किती घेतला? दुसऱ्या महायुद्धानंतरच्या यांत्रिक, सामुदायिक मरणाची जाणीव मर्ढेकरांच्या ‘काही कविता’ या १९४७ सालच्या संग्रहात आहे, आणि ती इतकी तीव्र आहे की त्यांची उंदरांची कविता वाचून अस्वस्थ न होणारा वाचक विरळा. परंतु तेथे मरणाऱ्याचे चित्र आहे. मारणाऱ्याचे काय होते, आणि मारणाऱ्याच्या नावाने स्वस्थ झोपणाऱ्या समाजाचे काय होते, हा पुढचा प्रश्न आहे. तो ज्या कथेने विचारला ती हिंदीत लिहिली गेली. पण ती लिहिणाऱ्याची मातृभाषा मराठी होती आणि त्याचे पदवीचे शिक्षण आमच्या इंदुरात झाले होते. गजानन माधव मुक्तिबोध यांची ‘क्लॉड ईथरली’ ही ती कथा. प्रस्तुत लेखात तिचा विचार करावयाचा आहे.

२

मुक्तिबोधांचा परिचय या पृष्ठांच्या वाचकांस करून देण्याची आवश्यकता नाही. तथापि काही गोष्टींचे स्मरण विषयाला उपकारक होईल. १९१७ साली श्योपूर येथे त्यांचा जन्म झाला. वडील ग्वाल्हेर संस्थानात पोलीस अधिकारी होते. १९३८ साली इंदूरच्या होळकर महाविद्यालयातून ते बी. ए. झाले. पुढचे सारे आयुष्य मास्तरकी, वृत्तपत्रे, आकाशवाणी आणि पुन्हा मास्तरकी असे गेले. उज्जैन, शुजालपूर, नागपूर, राजनांदगाव ही त्यातील प्रमुख मुक्कामाची ठिकाणे. त्यांचे धाकटे बंधू शरच्चंद्र मुक्तिबोध मराठीत राहिले आणि मराठीचे मोठे कवी व समीक्षक झाले. त्यांचा तर जन्मच इंदूरचा. एकाच घरातील दोन भाऊ, दोन भाषांतील नवकाव्याचे दोन आधारस्तंभ, असे उदाहरण माळव्याबाहेर सहसा आढळावयाचे नाही.

गजानन माधवांनी नागपुरात असताना आंतरराष्ट्रीय राजकारणावर वृत्तपत्रांतून पुष्कळ लेखन केले. तेव्हा ईथरलीची हकीकत त्यांच्यापर्यंत पोहोचली यात नवल नाही. १९६२ साली त्यांनी शाळांसाठी लिहिलेल्या भारतीय इतिहास व संस्कृतीविषयक पुस्तकावर मध्य प्रदेश शासनाने बंदी घातली. लोकशिक्षण आणि सत्ता यांचा संबंध कसा असतो, हे या लेखकाने स्वतःच्या पुस्तकावरूनच अनुभविले होते. ११ सप्टेंबर १९६४ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या कविता व कथा स्वतंत्र ग्रंथरूपाने वाचकांपुढे आल्या त्या त्यानंतर. ‘काठ का सपना’ हा कथासंग्रह १९६७ सालचा. त्यांच्या निधनानंतर एका महिन्याच्या आतबाहेर, १६ ऑक्टोबर १९६४ रोजी, चीनने आपला पहिला अणुस्फोट केला. हा दिनांक आम्ही सहज नमूद करीत नाही. या कथेचा लेखक ज्या भारतात जगला त्या भारताच्या शेजारी अण्वस्त्रे नव्हती व त्याच्या स्वतःच्या घरातही नव्हती. कथेचा अर्थ लावताना या गोष्टीचा पुढे उपयोग होईल.

३

कथेचे कथानक असे काही नाहीच म्हटले तरी चालेल. निवेदक रस्त्याने जात असतो. एका आवाराच्या भिंतीवरून विदेशी, गंधहीन परंतु देखणी फुले रस्त्याकडे झुकलेली आहेत. शेजारी विजेचा उंच खांब आहे आणि त्याला एक शिडी टेकवून ठेवलेली आहे. त्या शिडीवर चढून पाहण्याचा मोह निवेदकास होतो. तो चढतो आणि काचेच्या झरोक्यातून आत डोकावतो. पुढे एका अनोळखी इसमाशी त्याची गाठ पडते. हा इसम गुप्तचर आहे. बोलत बोलत चालताना तो सांगतो, की ती इमारत वेड्यांचे इस्पितळ आहे आणि तेथे क्लॉड ईथरली आहे: हिरोशिमावर बाँब टाकणारा अमेरिकन वैमानिक, ज्याला त्या कृत्याचा पश्चात्ताप सहन झाला नाही. आपणांस शिक्षा व्हावी म्हणून त्याने गुन्हे केले. पण सरकारदरबारी तो युद्धवीर असल्यामुळे त्याला गुन्हेगार ठरविणे अडचणीचे होते, म्हणून तो वेडा ठरला. निवेदक गोंधळून जातो. आपण हिंदुस्थानात आहोत की अमेरिकेत, असा त्याला प्रश्न पडतो. त्यावर गुप्तचराचे उत्तर असे, की आपल्या प्रत्येक मोठ्या शहरात एकेक अमेरिका वसलेली आहे. मग ईथरली येथे असण्यात आश्चर्य कसले?

येथवर कथेची पकड विलक्षण आहे. शिडी, काच, फुले, रस्ता ही सारी आमच्या परिचयाच्या कोणत्याही मध्यम शहरातील सामग्री. इंदुराच्या छावणी भागातून संध्याकाळी फिरून आलेल्या कोणासही ती परकी वाटणार नाही. अशा साध्या सामग्रीतून लेखक वाचकास एका चोरट्या कृत्यात सहभागी करून घेतो: आपण दुसऱ्याच्या घरात डोकावत आहोत. आणि आत जे दिसते ते दुसऱ्याचे नसून आपलेच आहे, हे मग हळूहळू उघड होते. स्वप्न आणि वास्तव यांच्या सीमारेषेवर कथा उभी करण्याची ही रीत मुक्तिबोधांच्या दीर्घ कवितांतही आहे. परंतु कवितेत जे प्रतिमांच्या गर्दीत दडते ते येथे स्वच्छ दिसते.

कथेचा गाभा गुप्तचराच्या पुढील बोलण्यात आहे. माणसे आपल्या अंतरात्म्याचा आवाज ऐकतात, पण सारी सारख्याच प्रकारे ऐकत नाहीत, असे तो म्हणतो. जो कधीमधी तो ऐकतो आणि लिहून त्यातून मोकळा होतो, तो लेखक. जो सतत ऐकतो आणि काही बोलत नाही, तो साधाभोळा मूर्ख. जो ऐकून त्याप्रमाणे वागू लागतो, तो समाजविरोधी ठरतो. आणि जो गरजेपेक्षा अधिक ऐकून, अस्वस्थ होऊन, आतील आज्ञा पाळतो, तो वेडा. पुढे तर तो असेही सुचवितो, की प्रत्येकाच्या मनातच वेड्यांचे एक इस्पितळ असते आणि आपले सर्वांत पवित्र, सर्वांत बंडखोर विचार आपण तेथे कोंडून ठेवतो.

या वर्गवारीतील पहिला प्रहार लेखकावर आहे, हे ध्यानात घ्यावयास हवे. लिहून मोकळा होणारा तो लेखक, या व्याख्येत मुक्तिबोधांनी स्वतःला सोडलेले नाही; आणि अशा कथेवर लेख लिहून मोकळे होणारे आम्ही, किंवा तो वाचून मोकळे होणारे वाचक, यांनाही सोडलेले नाही. अण्वस्त्रविरोधी वाङ्मय बहुधा दोषारोप करते: राजकारण्यांवर, सेनानींवर, शास्त्रज्ञांवर. ही कथा तसे करीत नाही. हिरोशिमाचा गुन्हा आणि त्या गुन्ह्याविषयी बोलून समाधान पावणे, यांत अंतर किती, असा प्रश्न ती विचारते. आमच्या मते तिची श्रेष्ठता येथे आहे.

दोषही सांगितले पाहिजेत. उत्तरार्धात संवाद थांबून व्याख्यान सुरू होते. गुप्तचर हा माणूस राहत नाही, लेखकाचा प्रवक्ता होतो. निवेदक प्रश्न विचारण्यापुरता उरतो. ज्या कथेने शिडी आणि झरोका यांसारख्या मूक वस्तूंकडून इतके काम करवून घेतले, तिला शेवटी इतके बोलावे लागावे, ही उणीवच होय. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. पापाचे नाव ‘अमेरिका’ असे ठेवले की वाचक सहज सुटतो. आपल्या शहरात अमेरिका आहे असे म्हणताना, जे काही वाईट ते बाहेरून आले आहे, असा सोयीस्कर अर्थ काढता येतो. लेखकास तो अभिप्रेत नव्हता, हे मनातील इस्पितळाच्या कल्पनेवरून स्पष्ट आहे. पण कथेच्या शब्दांत त्याला जागा राहिली आहे.

४

आता एका अडचणीच्या प्रश्नाकडे वळू. अध्यापकास तो टाळता येणार नाही. कथेतील ईथरली हिरोशिमावर बाँब टाकतो. प्रत्यक्षातील ईथरलीने बाँब टाकला नव्हता.

वस्तुस्थिती अशी. ६ ऑगस्ट १९४५ रोजी सकाळी सव्वाआठ वाजता ज्या विमानातून बाँब पडला त्याचे नाव ‘एनोला गे’ व त्याचे वैमानिक पॉल टिबेट्स. टिबेट्सना या कृत्याबद्दल अखेरपर्यंत खंत वाटली नाही. मेजर क्लॉड ईथरली ‘स्ट्रेट फ्लश’ नावाच्या दुसऱ्या विमानाचे वैमानिक होते. ते विमान सुमारे तासभर आधी हिरोशिमावरून गेले. आकाश पुरेसे निरभ्र आहे, पहिल्याच लक्ष्यावर बाँब टाकावा, अशा आशयाचा संदेश त्यातून धाडण्यात आला. स्फोट झाला तेव्हा ते तेथे नव्हते. युद्धानंतर त्यांच्या हातून खोट्या धनादेशासारखे अपराध घडले आणि टेक्सास संस्थानातील वेको येथील सैनिकी इस्पितळात त्यांच्यावर मानसोपचार झाले. १९५९ पासून व्हिएन्नाचे तत्त्वज्ञ ग्युंटर अँडर्स यांनी त्यांच्याशी पत्रव्यवहार केला. ती पत्रे १९६१ साली पुस्तकरूपाने आली. इंग्रजी आवृत्तीस बर्ट्रांड रसेल यांची प्रस्तावना लाभली आणि पश्चात्तापदग्ध वैमानिकाची कथा जगभर झाली. १९६४ साली विल्यम ब्रॅडफर्ड ह्यूई या अमेरिकन पत्रकाराने एक पुस्तक लिहून या आख्यायिकेवर हल्ला केला. ईथरलींच्या अपराधांचा हिरोशिमाशी संबंध नंतर जोडला गेला, असे त्याचे प्रतिपादन होते. ईथरली १९७८ साली वारले.

मुक्तिबोधांना ह्यूईचे खंडन वाचावयास मिळणे शक्यच नव्हते, असे कालक्रमच सांगतो; त्या वर्षी ते मृत्युशय्येवर होते. परंतु आज ही कथा वर्गात वाचणाऱ्याला ते ठाऊक असले पाहिजे. मग प्रश्न असा, की वस्तुस्थिती बदलली तर कथा ढासळते काय?

आमचे उत्तर नकारार्थी आहे, आणि त्याचे कारण ‘वाङ्मयाला सत्याशी कर्तव्य नाही’ हे स्वस्त कारण नव्हे. कारण असे, की खरा ईथरली कथेतील ईथरलीपेक्षाही आपल्या अधिक जवळचा आहे. ज्याच्या हाताने बाँब पडला असा मनुष्य आपल्याला परका वाटतो. आपण असे काही करू अशी कल्पनाही आपण करू शकत नाही. पण आकाश निरभ्र आहे एवढेच ज्याने कळविले, ज्याने आपले नेमून दिलेले काम चोख केले आणि जो परत फिरला, तो तर आपल्यातलाच. कचेरीत टिपणी लिहिणारा, प्रयोगशाळेत मोजमाप करणारा, वर्गात धडा शिकविणारा, कर भरणारा, मत देणारा असा प्रत्येक जण त्या हवामान-विमानात बसलेला आहे. एका शहराचे मरण शेकडो निरुपद्रवी कामांत वाटून दिलेले असते आणि म्हणूनच ते कोणाच्याच वाट्यास येत नाही. मुक्तिबोधांनी आख्यायिका घेतली आणि सत्य सांगितले. आम्हांस वस्तुस्थिती सापडली आहे, तर तेच सत्य अधिक स्पष्टपणे सांगणे आमच्या हाती आहे.

मात्र येथे लोकशिक्षणाचा आणि वाङ्मयाचा मार्ग वेगळा होतो, हेही सांगितले पाहिजे. कथेला चालणारी चूक पाठाला चालत नाही. अण्वस्त्रविरोधाचे कार्य करणारा जर चुकीच्या आख्यायिकेवर भिस्त ठेवील, तर ज्या दिवशी कोणी ह्यूई उभा राहील त्या दिवशी त्याची सारी बाजू खोटी ठरेल, आणि खोटी ठरेल ती नेमकी खरी असताना. हिरोशिमात १९४५ अखेरपर्यंत सुमारे १,४०,००० आणि नागासाकीत सुमारे ७०,००० माणसे मृत्यू पावली असा अंदाज सर्वत्र स्वीकारला जातो. ज्या पक्षाकडे असे सत्य आहे त्याला अतिशयोक्तीची गरज नाही.

५

कथा लिहिली गेल्यावर पुष्कळ काही घडले. १८ मे १९७४ रोजी पोखरण येथे भारताने पहिला अणुस्फोट केला. ११ व १३ मे १९९८ रोजी पुन्हा केले, आणि त्याच महिन्यात पाकिस्ताननेही. १९७४ च्या स्फोटाची धुरा ज्यांनी वाहिली त्या डॉ. राजा रामण्णांचे नाव आज आमच्या इंदुरातील प्रगत तंत्रज्ञान केंद्रास आहे. तेथे लेझर आणि कणत्वरक यांवर संशोधन चालते, त्याचा अभिमान आम्हांसही आहे. बाँबचा आणि त्या कामाचा संबंध आम्ही लावू इच्छीत नाही. परंतु अणुयुग ही दूर अमेरिकेत किंवा जपानात घडणारी गोष्ट आहे, असे निदान इंदूरकरांना म्हणता येणार नाही, एवढेच सुचवावयाचे आहे.

या घटनांनी ‘क्लॉड ईथरली’चा अर्थ पालटला. मुक्तिबोधांच्या समकालीन वाचकाला, हे पाप दुसऱ्याचे आहे, असे म्हणण्याची मुभा होती. आजच्या वाचकाला ती नाही. निवेदकाचा तो प्रश्न, आपण हिंदुस्थानात आहोत की अमेरिकेत, आज विचारण्याचे प्रयोजनच उरले नाही. कथेतील जो दोष आम्ही वर दाखविला, पापाला परदेशी नाव देण्याचा, तो इतिहासानेच पुसून टाकला आहे. थोड्याच कथांच्या वाट्यास असे दुर्दैवी भाग्य येते.

येथे दुसरी बाजूही ऐकली पाहिजे, कारण ती आमच्या वाचकांपैकी अनेकांची आहे आणि ती अप्रामाणिक नाही. शेजारी अण्वस्त्रे असताना निःशस्त्र राहणे म्हणजे आपल्या लोकांचा जीव दुसऱ्याच्या सद्बुद्धीवर सोपविणे होय. आपण पहिला वापर न करण्याचे धोरण जाहीर केले आहे. अस्त्र आहे म्हणूनच युद्ध टळते, असा हा युक्तिवाद आहे. २०१७ साली संयुक्त राष्ट्रसंघात अण्वस्त्रबंदीचा करार संमत झाला व २०२१ साली तो अमलात आला. अण्वस्त्रधारी राष्ट्रांपैकी एकानेही तो स्वीकारलेला नाही, भारतानेही नाही. या युक्तिवादाचे पूर्ण परीक्षण करण्याचे हे स्थळ नव्हे. आम्ही एवढेच म्हणू, की तो खरा मानला तरी कथेचा प्रश्न शिल्लक राहतो. अस्त्र ठेवणे अपरिहार्य आहे असे मानणारा मनुष्यसुद्धा ते ठेवण्याचे ओझे जाणवून ठेवू शकतो, किंवा न जाणवता मिठाई वाटू शकतो. मे १९९८ मध्ये रस्तोरस्ती मिठाई वाटली गेली. अशा वेळी मुक्तिबोधांचा गुप्तचर आपल्या शेजारून चालत असता, तर कोणता विचार आपण मनातल्या इस्पितळात ढकलला, हे त्याने आपणांस विचारले असते.

याच शहरात १९६० साली विनोबाजी महिनाभर राहिले होते. विज्ञान आणि अध्यात्म यांची सांगड घातली नाही तर मानवजातीचा नाश होईल, असे ते सांगत आणि ‘जय जगत्’चा उद्घोष करीत. विनोबा आणि मुक्तिबोध दोघेही मराठी घरात जन्मलेले, दोघांचाही इंदुराशी संबंध, दोघांचेही त्या काळातील बोलणे-लिहिणे मुख्यतः हिंदीत. एकाने धीर दिला, दुसऱ्याने झोप उडविली. आम्हांस दोन्ही हवेत. पण धीर देणारे शब्द लवकर सुभाषिते होतात, हेही अनुभवास येते. झोप उडविणारे शब्द तसे होत नाहीत.

६

आता अध्यापकांविषयी थोडे. शाळेतून अण्वस्त्रांविषयी बोलावयाचे म्हणजे काय करावयाचे? उपदेश उपयोगी नाही, हे इंदूरकरांस पु. ल. देशपांड्यांनी १९५७ सालीच दाखवून दिले. ‘तुझे आहे तुजपाशी’मधील इंदूरचे काकाजी आचार्यांच्या व्रतस्थ वाणीला जुमानीत नाहीत, आणि प्रेक्षकही जुमानीत नाही. आचार्यांचे बोलणे आपल्या अंतःकरणास भिडते ते अखेरीस, जेव्हा ते उपदेश सोडून स्वतःच्या आयुष्याचा रितेपणा कबूल करतात. त्याच न्यायाने जो अध्यापक बाँब वाईट आहे असे सांगेल त्याचे विद्यार्थी मान डोलावतील व विसरतील. मी या हवामान-विमानात कोठे बसलो आहे, असे जो वर्गात मोठ्याने विचारील, त्याचे ऐकतील.

यासाठी आमच्या दोन विनंत्या आहेत. पहिली मराठी वाङ्मयसंस्थांना. मुक्तिबोध हिंदीच्या वर्गांत वाचले जातात. पण मराठी वाचकासाठी, विशेषतः माळव्याबाहेरील वाचकासाठी, ‘क्लॉड ईथरली’चा एक चांगला, टिपांसह अनुवाद सहज हाती पडेल असा असला पाहिजे. त्या टिपांत खऱ्या ईथरलीची हकीकत यावी आणि ह्यूईचा आक्षेपही यावा. शरच्चंद्रांनी ‘सृष्टी, सौंदर्य आणि साहित्यमूल्य’ या आपल्या ग्रंथात वाङ्मयाचे मूल्य माणूसपणाशी जोडले. त्यांच्या भावाच्या या कथेला मराठीत आणणे हे त्या विचाराशी इमान राखणेच होय. माळव्यातील मराठी माणूस दोन भाषांच्या उंबरठ्यावर राहतो. त्या उंबरठ्याचा एवढा उपयोग त्याने करावा.

दुसरी विनंती अध्यापकांना. दरवर्षी ६ ऑगस्टला अनेक शाळांत शांततेवर निबंध लिहून घेतले जातात. त्याऐवजी एखादे वर्ष ही कथा वाचावी. आरंभी वस्तुस्थिती सांगावी, आकडे सांगावेत, कोणी काय केले ते नेमके सांगावे. मग कथा वाचावी, आणि ती वस्तुस्थितीपासून कोठे ढळते तेही लपवू नये. शेवटी मुलांना एवढेच विचारावे, की आकाश निरभ्र आहे असे कळविणाऱ्याचा दोष किती. उत्तर सांगू नये. वर्गात एकमत झाले नाही तर ते अपयश समजू नये. काही मुले म्हणतील, त्याने हुकूम पाळला. काही म्हणतील, त्याला ठाऊक होते. एखादे मूल काही न बोलता घरी जाईल. मुक्तिबोधांच्या वर्गवारीत त्याला फारसे मानाचे स्थान नाही. परंतु इतकी वर्षे मुलांसमोर उभे राहिल्यावर आम्ही त्या मुलाविषयी अधिक आशा बाळगतो.